झाकण सैल, तर आकडा फसवा

समजा, एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुटायच्या आत वणीकडच्या एखाद्या गावात आयोडीन मोजायला पोरांच्या लघवीचे नमुने घेतले. बाहेर ४२ अंशांचं ऊन, बाटलीचं झाकण थोडं सैल. १० मिली नमुना तपासणीची पाळी येईपर्यंत ९ मिली उरला. उडालं ते पाणी. आयोडीन होतं तेवढंच राहिलं. म्हणजे लिटरमागे ९० मायक्रोग्रॅम होतं, ते आता १०० भरतं. शाळकरी मुलांच्या गटाचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, १००च्या खाली असेल, तर त्या वस्तीत आयोडीन कमी पडतंय असं जागतिक आरोग्य संघटना मानते. पेटीतली सगळीच झाकणं तशी असतील, तर गावाची कमतरता कागदावरून पुसली जाते.

खाल्लेल्या आयोडीनपैकी ९० टक्क्यांहून जास्त लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून ही तपासणी. आशाताई मिठावर थेंब टाकून निळा रंग बघतात, त्यातून मिठात आयोडीन आहे की नाही ते कळतं. पोटात किती गेलं, ते लघवीच सांगते. समुद्रापासून इतक्या दूर, जिथे आजही काही घरांत खडे मीठ वापरतात, तिथे हे कळायलाच हवं.

मोजण्याची रीत १९३७ची, सँडेल आणि कोल्थॉफ यांची. सेरियम या धातूच्या क्षाराच्या पिवळ्या द्रवाचा रंग आर्सेनियस आम्लामुळे उडतो, आणि आयोडीन जितकं जास्त तितका तो लवकर उडतो. सगळा हिशोब वेळेचा! खोली तापली की रंग भराभर उडतो आणि आयोडीन आहे त्याहून जास्त वाटतं. म्हणून माहीत असलेल्या प्रमाणाचे द्रव प्रत्येक खेपेला नमुन्यांसोबतच चालवावे लागतात. त्याआधी नमुना अमोनियम परसल्फेट हे रसायन घालून तासभर ९० अंशांच्या वर तापवायचा, नाहीतर क जीवनसत्त्व किंवा बिडी ओढणाऱ्याच्या लघवीतलं थायोसायनेट स्वतःच रंग घालवतं. मध्येच लाईट गेली, तर ती खेप पुन्हा करावी. तसंच पुढे रेटणं मला अक्षम्य वाटतं.

दुसरा धोका ड्रेसिंगच्या टेबलावर असतो. जखमेला लावायच्या १० टक्के पोव्हिडोन आयोडीनच्या एका थेंबात सुमारे ५०० मायक्रोग्रॅम आयोडीन असतं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १५०. तोच हात बाटलीला लागला, की तो नमुना वाया.

अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था २००१पासून ‘इक्विप’ उपक्रमात जगभरच्या प्रयोगशाळांना नमुने पाठवते. त्यांतलं प्रमाण प्रयोगशाळेला आधी सांगत नाहीत. तिचं उत्तर किती जुळतं, ते नंतर कळतं.

एकट्या माणसाच्या एका नमुन्यावरून मात्र काहीच ठरवू नये. काल काय खाल्लं, आज किती पाणी प्यायलं, यावर आकडा हलतो. एका माणसाचा अंदाज बांधायला दहाएक नमुने लागतात. गळ्याला गाठ दिसली, तर डॉक्टरांना दाखवून थायरॉइडची रक्ततपासणी करावी. आणि गावाचा अहवाल हाती आला, तर त्या दिवशीच्या नियंत्रण नमुन्याचा, म्हणजे प्रमाण आधीच माहीत असलेल्या नमुन्याचा, आकडा किती आला होता, तेवढं जरूर विचारावं.