दगडावर राजाचं नावच नाहीये

जेरुसलेमच्या जुन्या तटाबाहेर दक्षिणेला सिलवान नावाची वस्ती आहे, तिच्या पोटातून ५३३ मीटरचा एक वाकडातिकडा बोगदा जातो आणि अजूनही त्यातनं पाणी वाहतं. १८८० मध्ये तिथे पाण्यात खेळणाऱ्या पोरांना भिंतीवर अक्षरं दिसली. जुन्या हिब्रूतल्या सहा ओळी. दोन टोकांकडून दोन टोळ्या खणत येत होत्या, तीन हात दगड उरला तेव्हा पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली, मग कुदळीला कुदळ भिडली आणि पाणी सुटलं, एवढाच मजकूर. राजाबिजा कोणी नाही!

पण बायबलात आहे की जेरुसलेमच्या जुन्या यहुदी राज्याच्या हिज्कीया राजाने पाणी शहरात आणलं. मग बोगदा त्याचाच कशावरून? २००३ मध्ये भूगर्भवाल्यांनी भारी आयडिया केली. बोगद्याच्या गिलाव्यात अडकलेल्या काडीकचऱ्याचं वय कार्बनवरून काढलं, म्हणजे बोगदा त्याच्या फार आधीचा नाही. आणि छताला लोंबणारे चुन्याचे सुळके तपासले, ते तर खणल्यावरच वाढणार ना, म्हणजे त्यानंतरचाही नाही. पाण्यात युरेनियम विरघळतं, थोरियम जवळपास नाहीच, त्यामुळे सुळक्यात जेवढं थोरियम सापडेल ते नंतर युरेनियमपासूनच तयार झालेलं, त्यावरून वय निघतं. दोन्हींच्या मध्ये पकडून उत्तर आलं इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपास, म्हणजे हिज्कीयाचाच काळ. तरी काही उत्खननवाले बोगदा अजून जुना मानतात, त्यामुळे सही झाली असं काही मी म्हणणार नाही.

भांडण मात्र दगडाचंच चाललंय. लेख सापडला तेव्हा तिथे ऑटोमन तुर्कांचं राज्य होतं, तो कोणीतरी चोरून कापला, तुकडे झाले, ते सापडल्यावर इस्तंबूलच्या म्युझियममध्ये गेले. १९९८ मध्ये नेतान्याहूंनी तुर्की पंतप्रधानांकडे तो मागितला, मिळाला नाही. २०२५ मध्ये नेतान्याहूंनीच सिलवानमधल्या कार्यक्रमात तो किस्सा सांगितला, त्यावर तुर्कीचे अध्यक्ष एर्दोआन म्हणाले, जेरुसलेमचा खडासुद्धा देणार नाही.

आणि सिलवान म्हणजे १९६७ च्या युद्धात इस्रायलने घेतलेलं पूर्व जेरुसलेम. तिथलं 'दावीदनगर' पार्क चालवते एलाद नावाची संस्था, जी त्याच वस्तीत ज्यू कुटुंबं आणून बसवते. टुरिस्ट टॉर्च घेऊन गुडघाभर पाण्यातनं बोगदा बघतात, आणि शेजारी जमिनीखाली नवीन खोदकाम चालतं तिथले पॅलेस्टिनी सांगतात की आमच्या भिंतींना तडे गेलेत.