हातावरचा साबण आणि गोठ्यातली धूळ

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या गृहसंकुलाच्या बागेत पावसाळा संपत आला की एक संवाद हमखास कानावर येतो. दम्याचा पंप पिशवीत घेऊन नातवाला खेळायला आणणाऱ्या आजी सुनेला म्हणतात, "आम्ही गावाला शेणामातीत वाढलो, आम्हाला कुठे काय झालं? तुम्हीच पोरांना सारखं धुऊन धुऊन नाजूक करून ठेवलंत." आजींचे निरीक्षण पोकळ नाही. मात्र त्यासाठी साबणाला दोषी धरणे चूक आहे, आणि ही चूक घरोघरी इतकी रुजली आहे की तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

या चर्चेचे मूळ १९८९ मधील आहे. डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकाने मार्च १९५८ च्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या सतरा हजारांहून अधिक मुलांची माहिती अभ्यासली, तेव्हा ज्यांना थोरली भावंडे अधिक होती त्यांना परागकणांची अॅलर्जी कमी असल्याचे दिसले. भावंडांकडून लहानपणी होणारा संसर्ग उपकारक ठरत असावा आणि लहान कुटुंबांत व स्वच्छ घरांत तो मिळेनासा झाला असावा, असा तर्क त्यांनी मांडला. पुढे हे 'स्वच्छता गृहीतक' म्हणून प्रसिद्ध झाले आणि त्या नावानेच गोंधळ वाढवला. वारंवार आजारी पडल्याने मूल दम्यापासून वाचते, असे नंतरच्या संशोधनातून दिसले नाही. तान्हेपणी छातीत घरघर निर्माण करणाऱ्या काही विषाणूंच्या संसर्गानंतर तर दम्याचा धोका वाढलेलाच आढळतो. २००३ मध्ये ग्रॅहम रूक या ब्रिटिश संशोधकांनी 'जुन्या मित्रांची' कल्पना मांडली. माती, गुरेढोरे आणि इतर माणसे यांच्याकडून येणारे, मानवाला हजारो पिढ्यांची सोबत करणारे निरुपद्रवी सूक्ष्मजीव हे ते मित्र होत.

या कल्पनेला बळ देणारा एक अभ्यास २०१६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. आमिश आणि हटराइट हे दोन्ही मूळचे युरोपातील, आता अमेरिकेत राहणारे शेतकरी समाज. वंश, आहार, मोठी कुटुंबे, सारेच बरेचसे सारखे. तरीही आमिश मुलांत दम्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के, तर हटराइट मुलांत सुमारे २१ टक्के होते. आमिश आजही घोड्यांच्या मदतीने पारंपरिक शेती करतात आणि त्यांचे गोठे घराजवळ असतात. हटराइटांची शेती यांत्रिक असून पशुशाळा घरापासून दूर असतात. आमिश घरांतील धुळीत एंडोटॉक्सिन जवळपास सातपट होते. विशिष्ट जिवाणूंच्या बाह्य आवरणाचा हा घटक जिवाणू मेल्यावरही धुळीत राहतो.

ही धूळ दम्याला आवर कशी घालते, याचे उत्तर मला या साऱ्या विषयात सर्वांत मोहक वाटते. श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशी एरवी निष्क्रिय भिंतीसारख्या वाटत असल्या, तरी त्या पहारेकरी आहेत. एंडोटॉक्सिन किंवा गादीतील धूळकिड्यांच्या (डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म किड्यांच्या) विष्ठेचा कण त्यांना लागला, की पेशीच्या आत रेणूंची एक साखळी जागी होते आणि पेशी रासायनिक हाकाटी करते. ती ऐकून डेंड्रायटिक पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या निरोप्या पेशी येतात, तो कण उचलून लसिका ग्रंथींत नेतात आणि तेथील टी-पेशींना, म्हणजे प्रतिकाराची दिशा ठरवणाऱ्या पांढऱ्या पेशींना, त्याची ओळख करून देतात. त्यातून पुढे आयजीई ही प्रतिपिंडे तयार होतात, ती त्वचेत व श्वासमार्गात असलेल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात, आणि तोच कण पुन्हा आला की त्या पेशींतून हिस्टॅमिन हे रसायन बाहेर पडून शिंका, खाज किंवा धाप सुरू होते. धोक्याची सूचना देणाऱ्या त्या पहिल्या साखळीला आवरणारे एक एन्झाइम अस्तराच्या पेशींतच असते, त्याचे नाव ए-२०. साखळीतील प्रथिनांवर चिकटवलेल्या रासायनिक खुणांमध्ये फेरफार करून ते इशारा शमवते. आणि विशेष म्हणजे ए-२० तयार करण्याचा आदेशही तोच इशारा देतो. त्यामुळे रोज थोडेथोडे एंडोटॉक्सिन श्वासातून आत जात राहिले, तर ए-२० ची पातळी चढी राहते आणि धूळकिड्यांचा कण आल्यावर अस्तर हाकाटी करत नाही. बेल्जियममधील गेंट येथील संशोधकांनी २०१५ मध्ये हे उंदरांवर दाखवले. आधी गोठ्याची धूळ दिलेल्या उंदरांना दमा झाला नाही, परंतु ज्यांच्या श्वासनलिकेच्या अस्तरातून ए-२० चे जनुक काढून टाकले होते, त्यांना त्याच धुळीचा काहीही उपयोग झाला नाही. शेतावर वाढलेल्या मुलांमध्येही या जनुकातील एका फरकाचा दम्याच्या धोक्याशी संबंध आढळला.

यावरून आणखी एक गोष्ट उघड होते. अॅलर्जी हा प्रतिकारशक्तीच्या दुबळेपणाचा आजार नसून तिच्या अनावर प्रतिसादाचा आहे. तेव्हा 'प्रतिकारशक्ती वाढवून अॅलर्जी मुळापासून घालवणारे' काढे आणि गोळ्या विकणाऱ्यांचा दावा मूळ कल्पनेतच चुकलेला आहे, आणि अशा दाव्यापायी पालक मुलाचे चालू औषध बंद करतात हे मला फार गंभीर वाटते.

आपल्याकडची परिस्थिती आमिश गावाहून वेगळी आहे. घोडबंदर रस्त्यावर धूळ उदंड असली तरी ती सिमेंटची, उकरलेल्या रस्त्यांची आणि डिझेलच्या धुराची आहे. डिझेलचे सूक्ष्म कण अस्तराला शांत करण्याऐवजी डिवचतात आणि परागकणांची अॅलर्जी तीव्र करतात. बंद खिडक्यांची घरे, पावसाळ्यातली ओल, भिंतीवरची बुरशी आणि दमट गाद्यांत वाढणारे धूळकिडे यांची त्यात भर पडते. अशा घरात गादी उन्हात घालणे आणि चादरी गरम पाण्यात धुणे हितकारकच आहे. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याने अतिसाराचे जंतू अडतात, जुने मित्र नव्हेत. मूल ठाण्यातील येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी झाडामातीत मनसोक्त खेळले आणि घरी येऊन हात धुऊन जेवायला बसले, तर त्या दोन गोष्टींत कोणताही विरोध नाही.

आजींच्या नातवापुरते मात्र स्पष्ट सांगायला हवे. शेताचे संरक्षण मुख्यतः आईच्या गरोदरपणात आणि मुलाच्या पहिल्या काही वर्षांत मिळते. दमा एकदा जडल्यानंतर त्याला सुट्टीत गावी नेऊन गोठ्यात बसवले, तर तीच धूळ त्याला धाप आणू शकते, म्हणून गावी जाताना पंप पिशवीतच असायला हवा.