कॅशे साफ करणे (वेब ब्राउझर)

वेब ब्राउझरने पूर्वी उघडलेल्या पानांच्या ज्या प्रती संगणकावर किंवा मोबाइलवर जपून ठेवलेल्या असतात, त्या वापरकर्त्याने मुद्दाम काढून टाकण्याची क्रिया. प्रतींच्या या साठ्याला कॅशे म्हणतात. त्यात मुख्यतः चित्रे, सीएसएस शैलीपत्रके, जावास्क्रिप्टच्या फाइली व अक्षरसंच असतात. कधी कधी पानाचा मजकूरही असतो. तीच वस्तू सर्व्हरकडून पुन्हा मागवावी लागू नये, वेळ आणि डेटा वाचावा, हा साठवणीचा हेतू. साठवलेली प्रत जुनी झाली असूनही ब्राउझर तीच दाखवत राहतो, प्रत अर्धवट उतरल्याने पान बिघडते, किंवा दुसऱ्याच्या संगणकावर आपल्या वावराच्या खुणा मागे ठेवायच्या नसतात, अशा वेळी ती साफ केली जाते.

कॅशे हा शब्द मूळचा फ्रेंच असून ‘लपवणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला आहे. उत्तर अमेरिकेतील फ्रेंच भाषक फरशिकारी आपला शिधा व सामान खड्ड्यात पुरून ठेवत; त्या जागेला हे नाव होते आणि बहुधा अठराव्या शतकाच्या अखेरीस ते इंग्रजीत रुळले. अर्थाच्या दृष्टीने मराठीतील सर्वांत जवळचा शब्द खरे तर धान्य साठवण्याचे ‘पेव’ हा आहे. पण ‘पेव फुटणे’ या वाक्प्रचारामुळे त्याला वेगळीच छटा चिकटली असल्याने संगणकाच्या परिभाषेत तो येण्याचा संभव कमी. इंग्रजीत प्रचलित उच्चार ‘कॅश’ असा आहे. मराठीत आढळणारे ‘कॅशे’ हे रूप इंग्रजी लेखनातील शेवटच्या स्वराक्षरावरून घडले असावे, आणि अँड्रॉइडच्या मराठी पर्यायांतही ‘कॅशे साफ करा’ असेच छापलेले दिसते. रोकड या अर्थाच्या ‘कॅश’शी होणारा गोंधळ त्यामुळे टळतो, म्हणून प्रस्तुत नोंदीत हेच रूप स्वीकारले आहे. शब्दाचे लिंग मात्र अद्याप स्थिरावलेले नाही. ‘मेमरी’च्या प्रभावाने काही जण तो स्त्रीलिंगी वापरतात, येथे तो पुल्लिंगी मानला आहे.

संगणकशास्त्रातील कॅशेचा आरंभ कोठे धरावा याविषयी एकमत नाही. मँचेस्टर येथील ॲटलस या संगणकात (१९६२) वेगवान गाभास्मृती व संथ ड्रम यांना मिळून एकच साठा मानण्याची योजना होती, आणि काही लेखक तेथून सुरुवात करतात. परंतु ती योजना आजच्या परिभाषेत आभासी स्मृतीची, म्हणजे संथ साठाही मुख्य स्मृतीचाच भाग असल्यासारखा वापरण्याची, ठरते. अधिक ग्राह्य वाटणारे मत केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांच्या १९६५ मधील दोन पानी टिपणाला अग्रमान देते. त्यात मोठ्या, संथ स्मृतीतील नुकतेच वापरलेले शब्द एका छोट्या, वेगवान ‘दास-स्मृती’त आपोआप जमा होतात, ही कल्पना स्पष्टपणे मांडली आहे. कॅशे हे नाव मात्र आयबीएमच्या सिस्टिम/३६० मालिकेतील ८५ क्रमांकाच्या संगणकाबरोबर आले. त्याचे वर्णन करणारे लेख १९६८ मध्ये आयबीएमच्या नियतकालिकात आले आणि अभियंत्यांच्या ‘हाय-स्पीड बफर’ या रूक्ष संज्ञेऐवजी संपादक लाइल जॉन्सन यांनी हा शब्द सुचवला, असे सांगितले जाते.

ब्राउझरच्या कॅशेशी या परंपरेचे नाते बरेचसे नावापुरतेच आहे. प्रोसेसरच्या कॅशेत जुनी प्रत उरली तर ती यंत्रणेची चूक ठरते. ब्राउझरमध्ये मात्र प्रत काही काळ जुनी राहणे हे गृहीतच धरलेले आहे. त्यामुळे त्याचे खरे पूर्वज संगणकजालावरील सामायिक साठ्यांत शोधणे अधिक सयुक्तिक होय. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या अँड्र्यू फाइल सिस्टिममध्ये संपूर्ण फाइल वापरकर्त्याच्या यंत्रावर उतरवून ठेवली जाई, आणि तिच्या नंतरच्या आवृत्तीत मूळ फाइल बदलल्यास तसे कळवण्याची जबाबदारी सर्व्हरने घेतली होती. याउलट १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलेल्या डीएनएस या, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता सांगणाऱ्या, नामव्यवस्थेत प्रत्येक उत्तराबरोबर त्याचे आयुष्य सेकंदांत सांगितले जाते आणि तेवढ्या काळात मूळ नोंद बदलली तरी कोणीही कोणाला कळवत नाही. वेबने हा दुसरा मार्ग पत्करला. कोट्यवधी अनोळखी वाचकांची यादी सर्व्हरने बाळगणे शक्य नसल्याने ही निवड जवळजवळ अपरिहार्य होती; परंतु ‘कॅशे साफ करा’ हा पर्याय ब्राउझरमध्ये का असावा लागतो, याचे मूळ कारणही तेच आहे.

वेबवरील साठवणीची पहिली पद्धतशीर चर्चा बहुधा १९९४ मधील, जिनिव्हा येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय वेब परिषदेतील, आरी लुओटोनेन व केव्हिन आल्टिस यांच्या प्रॉक्सीविषयक, म्हणजे वाचक व सर्व्हर यांच्यामधील मध्यस्थ सर्व्हरविषयीच्या, निबंधात आढळते. त्यात संस्थेतील अनेकांसाठी एकच सामायिक साठा अभिप्रेत होता. व्यक्तिगत ब्राउझरमधील, यंत्र बंद केल्यावरही टिकणारा साठा त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या नेटस्केप नॅव्हिगेटरमुळे सर्वसामान्यांच्या परिचयाचा झाला. मे १९९६ मधील आरएफसी १९४५ या दस्तऐवजात (आरएफसी ही इंटरनेटचे नियम नोंदणारी क्रमांकित मालिका) एचटीटीपी १.० चे, म्हणजे ब्राउझर व सर्व्हर यांच्या देवाणघेवाणीच्या नियमांचे, वर्णन असून मजकुरासोबत पाठवल्या जाणाऱ्या माहितीच्या ओळींपैकी, म्हणजे शीर्षकांपैकी, ‘एक्सपायर्स’ हे मुदतदर्शक शीर्षक व ‘लास्ट-मॉडिफाइड’ हे बदलाची तारीख सांगणारे शीर्षक त्यात नोंदलेले आहे. साठवणीचे निर्देश देणारे ‘कॅश-कंट्रोल’ व आवृत्तीची खूण सांगणारे ‘ईटॅग’ ही शीर्षके एचटीटीपी १.१ बरोबर जानेवारी १९९७ च्या आरएफसी २०६८ मध्ये आली. पुढे १९९९ चे आरएफसी २६१६ आणि २०१४ चे आरएफसी ७२३४ असे टप्पे घेत सध्या जून २०२२ चे आरएफसी ९१११ प्रमाण मानले जाते.

या नियमांनुसार प्रत्येक प्रत ‘ताजी’ किंवा ‘शिळी’ असते. सर्व्हरने ‘मॅक्स-एज’ या निर्देशाने दिलेले सेकंद संपेपर्यंत ती ताजी. तोवर ब्राउझर सर्व्हरला विचारतसुद्धा नाही. मुदत संपल्यावर प्रत लगेच टाकून दिली जात नाही. ब्राउझर ईटॅग किंवा बदलाची तारीख पाठवून ‘हीच आवृत्ती चालू आहे का’ असे विचारतो, आणि बदल नसेल तर सर्व्हर मजकुराविना केवळ ३०४ हा संकेतांक परत करतो. खरी अडचण मुदत दिलेलीच नसते तेव्हा उद्भवते. अशा वेळी ब्राउझरने अंदाज बांधावा अशी मुभा असून, शेवटच्या बदलापासून लोटलेल्या काळाचा दहावा हिस्सा हे प्रमाण नमुन्यादाखल सांगितले आहे. म्हणजे शंभर दिवस न बदललेली फाइल आज उतरवली तर ती पुढचे दहा दिवस न विचारता वापरली जाऊ शकते. उद्याच तिच्यात दुरुस्ती झाली तरी वाचकाला ती दिसेलच असे नाही. ‘कॅशे साफ करून पाहा’ या सल्ल्याने सुटणाऱ्या तक्रारींपैकी पुष्कळशा, काटेकोरपणे पाहता, सर्व्हरने मुदत न दिल्याच्या किंवा फार लांबची दिल्याच्या असतात. ‘नो-कॅश’ या निर्देशाच्या नावावरूनही नेहमी गैरसमज होतो. त्याचा अर्थ ‘साठवू नका’ असा नसून ‘साठवा, पण दर वेळी विचारूनच वापरा’ असा आहे. साठवणच नको असेल तर ‘नो-स्टोअर’ म्हणावे लागते.

साफ करणे आणि पान पुन्हा मागवणे या क्रिया वेगळ्या आहेत. साध्या पुनर्भरणात ब्राउझर निदान मुख्य पानाची तरी सर्व्हरकडे खातरजमा करतो. कंट्रोल व शिफ्ट दाबून आर, किंवा विंडोजवर कंट्रोलसह एफ५, या कळांनी होणाऱ्या सक्तीच्या पुनर्भरणात त्या पानापुरता साठा बाजूला सारून सर्व काही नव्याने मागवले जाते. मात्र पान उभे राहिल्यानंतर स्क्रिप्टने मागाहून मागवलेल्या फाइली त्यातून सुटू शकतात, आणि इतर पानांचा साठा तर जागच्या जागी राहतो. क्रोममध्ये विकसकांसाठीची साधने उघडी असताना पुनर्भरणाच्या बटणावर उजवी कळ दाबल्यास साधे, सक्तीचे आणि कॅशे रिकामा करून सक्तीचे असे तीन वेगळे पर्याय दिसतात, त्यामागे हाच भेद आहे. एकाच पानाची तक्रार असेल तर सक्तीचे पुनर्भरण बहुधा पुरते.

आज्ञेचे स्वरूप काळानुसार बदलत गेले आहे. नेटस्केपमध्ये स्मृतीतील आणि डिस्कवरील साठा पुसण्यासाठी दोन स्वतंत्र बटणे होती, आणि शेजारीच दस्तऐवज दर वेळी पडताळावा, सत्रातून एकदा की कधीच नाही, हे वापरकर्त्याला ठरवता येई. इंटरनेट एक्सप्लोररने हाच साठा ‘टेम्पररी इंटरनेट फाइल्स’ या नावाच्या फोल्डरात उघड्यावर मांडला. त्या पिढीतील पुष्कळांना कॅशे हा शब्द ठाऊक नसला तरी हे फोल्डर ठाऊक होते. कंट्रोल, शिफ्ट व डिलीट या तीन कळांचा संकेत नेमका कोणी रूढ केला याची चर्चा होते. तो नोव्हेंबर २००५ च्या फायरफॉक्स १.५ मधील खासगी माहिती पुसण्याच्या सोयीबरोबर होता आणि नंतर इंटरनेट एक्सप्लोरर ८ व क्रोम यांतही दिसतो, एवढे निश्चित. मॅकवरील सफारीत केवळ कॅशे रिकामा करण्याची आज्ञा विकसकांच्या मेनूत आहे.

साफ केल्याने काय जाते आणि काय उरते, याबाबत गल्लत फार आढळते. क्रोममध्ये फक्त साठवलेली चित्रे व फाइली निवडल्यास कुकी, म्हणजे वाचकाची ओळख लक्षात ठेवण्यासाठी स्थळाने ठेवलेल्या छोट्या नोंदी, शाबूत राहतात, त्यामुळे कोणत्याही खात्यातून बाहेर पडावे लागत नाही. साठवलेले पासवर्डही वेगळ्या रकान्यात असतात. उलट सर्व्हिस वर्कर या, ब्राउझरमध्ये पडद्याआड चालणाऱ्या स्क्रिप्टच्या, तंत्राने संकेतस्थळ स्वतः जो साठा बाळगते, तो नावाने कॅशेच असूनही कुकी व स्थळाच्या माहितीबरोबर पुसला जातो. म्हणूनच काही स्थळे कॅशे साफ करूनही जुनेच रूप दाखवतात. डीएनएसच्या जपलेल्या नोंदी हा आणखी निराळा प्रकार आहे. आणि वाटेतील प्रॉक्सी किंवा वितरणजालाच्या (स्थळाच्या प्रती ठिकठिकाणी ठेवून जवळून पुरवणाऱ्या जालाच्या) सर्व्हरवर प्रत जुनी असेल, तर वाचकाने आपल्याकडे कितीही साफसफाई केली तरी तीच पुन्हा उतरते.

गोपनीयतेच्या अंगाने या साठ्याकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले ते साधारण २००० पासून. त्या वर्षी एडवर्ड फेल्टन व मायकेल श्नायडर यांनी दाखवून दिले की एखादी फाइल किती झटकन मिळते हे मोजून, वाचक दुसऱ्या एखाद्या स्थळावर जाऊन आला आहे की नाही हे त्रयस्थ स्थळाला ओळखता येते. यावरचा उपाय, म्हणजे प्रत्येक स्थळाचा साठा स्वतंत्र कप्प्यात ठेवणे, क्रोममध्ये ऑक्टोबर २०२० मधील ८६ व्या आणि फायरफॉक्समध्ये जानेवारी २०२१ मधील ८५ व्या आवृत्तीत आला. सफारीत तो बराच आधी होता. सामायिक संगणकावर साफ करण्याची सवय योग्यच, पण तिची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. भारतात सायबर कॅफेविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार भेट दिलेल्या संकेतस्थळांचा तपशील कॅफेचालकाने किमान एक वर्ष जपणे अपेक्षित आहे, आणि ब्राउझरमधील साफसफाईचा त्या नोंदींशी संबंध नाही.

संकेतस्थळ बनवणाऱ्यांत आज रूढ असलेली पद्धत वाचकाला या क्रियेची गरजच पडू नये अशी आहे. फाइलीच्या आशयावरून काढलेली खूण तिच्या नावातच गुंफली जाते, तिला ३,१५,३६,००० सेकंद म्हणजे ३६५ दिवसांची मुदत दिली जाते, आणि आशय बदलला की नावच बदलते; जुनी प्रत साठ्यात पडून राहते, पण तिला कोणी मागत नाही. मुख्य पानाला मात्र दर वेळी विचारणा करण्याचा निर्देश द्यावा लागतो, अन्यथा नवी नावे वाचकापर्यंत पोहोचतच नाहीत. २०१७ च्या आरएफसी ८२४६ मधील ‘इम्म्युटेबल’ या निर्देशाने ताज्या प्रतीची पुनर्भरणाच्या वेळची विचारणाही टाळता येते. ‘क्लिअर-साइट-डेटा’ या शीर्षकाद्वारे तर सर्व्हरच ब्राउझरला आपल्या स्थळापुरता साठा पुसण्यास सांगू शकतो. ते क्रोममध्ये २०१७ पासून आणि फायरफॉक्समध्ये २०१८ पासून आले, परंतु कॅशेच्या बाबतीत त्याचे पालन सर्व ब्राउझरांत व सर्व काळ एकसारखे राहिलेले नाही.