कथबर्ट ब्रॉडरिक : पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या लीड्सचा टाउन हॉल उभा राहिला तो शेजारच्या ब्रॅडफर्डशी लागलेल्या ईर्ष्येतून. दोन्ही गावं लोकरीच्या पैशावर वर आलेली. ब्रॅडफर्डने सेंट जॉर्जेस हॉल हे सार्वजनिक सभागृह बांधायला घेतल्यावर लीड्सलाही राहवेना. 1852 मध्ये नगरपालिकेने आराखड्यांची स्पर्धा जाहीर केली. परीक्षणाला सर चार्ल्स बॅरी, लंडनच्या पार्लमेंटचे वास्तुविशारद. पहिला आला हल बंदरातला, तिशी नुकतीच ओलांडलेला वास्तुविशारद कथबर्ट ब्रॉडरिक. दुसरं बक्षीस लॉकवुड आणि मॉसन यांना. हा लॉकवुड म्हणजे ज्याच्या हाताखाली ब्रॉडरिकने उमेदवारी केली तो गुरू, आणि सेंट जॉर्जेस हॉलही त्याच जोडीचा!

एवढ्या तरुण माणसाच्या हाती काम द्यावं का, ही नगरसेवकांची धाकधूक बॅरींनी दूर केली. खरा घोळ पुढे झाला, मनोऱ्यावरून. मूळ कंत्राटात मनोरा नव्हता. तो हवा की नको यावर काही वर्षं खल चालला आणि होकार मिळाला तेव्हा बांधकाम बरंच वर आलेलं होतं. सुमारे 42 हजार पौंडांचं कंत्राट घेतलेल्या ठेकेदाराचं दिवाळं वाजलं, एकूण खर्च सव्वा लाखाच्या घरात गेला. 1858 मध्ये व्हिक्टोरिया राणी उद्घाटनाला आली, तरी 225 फुटी मनोरा पुरा व्हायचाच होता.

याच गावातलं ब्रॉडरिकचं कॉर्न एक्स्चेंज, म्हणजे धान्यबाजार (1861–63), मात्र टाउन हॉलपेक्षा सरस, असं आमचं मत. धान्याचा व्यापारी दाणे तळहातावर घेऊन रंग नि चकाकी पारखतो. थेट ऊन पडलं की नजर फसते. म्हणून लंबवर्तुळाकार घुमटाच्या उत्तर अंगाला काचेचा मोठा पट्टा ठेवला, म्हणजे सौदे चालतात त्या मधल्या मोकळ्या जागेत दिवसभर सारखा उजेड. व्यापाऱ्यांच्या खोल्या सभोवार, दोन मजल्यांवर. कल्पना पॅरिसच्या धान्यबाजारावरून उचललेली.

स्कारबरो या समुद्रकाठच्या गावातलं त्याचं ग्रँड हॉटेल 1867 चं. लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या स्पर्धेत हाती काही लागलं नाही. मग साधारण 1870 च्या सुमारास त्याने काम आवरलं आणि तो फ्रान्सला गेला. 1905 मध्ये जर्सी बेटावर वारला. हलमधला त्याचा टाउन हॉल पाडला गेला. लीड्सचा नमुना मात्र चालत राहिला : तिथल्याच विल्यम हिलने तो बोल्टन (1873) आणि पोर्ट्समथ (1890) इथे जवळजवळ तसाच वापरला.