महारोहिणी-विस्फार भंग : शस्त्रक्रियेविना

पोटातील महारोहिणी (अॅओर्टा) फुगून फुटल्यावर शस्त्रक्रिया न झालेल्या रुग्णाची पुढील अवस्था. शेवट जवळजवळ नेहमी मृत्यूच. मतभेद आहेत ते किती वेळ मिळतो याबद्दल.

‘मिनिटांत सगळे संपते’ हा समज पुढची भिंत फुटून रक्त पोटाच्या पोकळीत गेले तरच खरा ठरतो. भेग मागे, बहुधा डावीकडे असेल तर रक्त पोटपडद्यामागे साठते, गुठळी भेग दाबून धरते आणि रक्तदाब उतरल्याने गळती मंदावते. ब्रिटनमधील लेस्टर येथील ५६ रुग्णांच्या पाहणीत (२००४) दाखल झाल्यापासून मृत्यूपर्यंतचा मध्यक काळ १० तास ४५ मिनिटे होता, ८७.५ टक्के रुग्ण २ तासांहून अधिक जगले. मात्र हा हिशेब रुग्णालयात जिवंत पोचलेल्यांचाच आहे. घरी किंवा वाटेत गेलेले त्यात नाहीत. शस्त्रक्रिया नाकारणारे आइन्स्टाइन (मृत्यू १८ एप्रिल १९५५) काही दिवस जगले, पण तो अपवाद मानणे बरे.

शस्त्रक्रिया कोणाला नाकारावी, हे डॉक्टर हार्डमन निर्देशांकाच्या (१९९६) पाच निकषांवर, प्रत्येकी एक गुण धरून, ठरवत : वय ७६ च्या वर, रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची खूण) लिटरला १९० मायक्रोमोलच्या वर (डेसिलिटरला सुमारे २.१ मिलिग्रॅम), हिमोग्लोबिन ९ च्या खाली, ईसीजीत हृदयाचा रक्तपुरवठा तुटल्याच्या खुणा आणि दाखल झाल्यावर बेशुद्धी. यांतील तीन असलेला मूळ पाहणीतील एकही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर वाचला नाही. पुढच्या पाहण्यांत असे काही रुग्ण वाचले. म्हणून केवळ गुणांवर नकार देऊ नये. महारोहिणी फुटलेल्यांवरील शस्त्रक्रियेच्या ‘इम्प्रूव्ह’ चाचणीत (६१३ रुग्ण) ३० दिवसांतील मृत्यू ३५ ते ३७ टक्के होते, तर शस्त्रक्रियेविना जवळजवळ सगळेच जातात. ही तुलना नातेवाइकांसमोर ठेवलीच पाहिजे.

ठाणे-नवी मुंबईत ‘डामा’वर (वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याचा कागद) सही करून रुग्ण घरी नेतात. शस्त्रक्रियेला नकार म्हणजे उपचाराला नकार नव्हे, हे इथेच निसटते. पाठीत-कमरेत मुतखड्यासारखी कळ येते. मॉर्फिन शिरेतून १–२ मिलिग्रॅम, ५–१० मिनिटांनी पुन्हा, आराम पडेपर्यंत द्यावे. शॉकमध्ये (रक्तदाब कोसळल्यावर) कातडीखालचे औषध नीट शोषले जात नाही, तोंडावाटे तर नाहीच. तगमगीला मिडाझोलाम (गुंगी आणणारे औषध) १–२ मिलिग्रॅम. सलाइन भराभर सोडू नये : दाब वाढून गुठळी सुटते. घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत विनाऔषध अडकण्यापेक्षा वॉर्डातला पडदा ओढलेला पलंग आणि जवळ बसलेली मुले बरी. घरी न्यायचेच असेल तर शिरेतली सुई काढू नये आणि औषध देणारी व्यक्ती सोबत असावी. घरी मृत्यू झाल्यास कारणाचा दाखला नमुना ४अ वर, अखेरच्या आजारात पाहणारा डॉक्टर देतो. त्याचे नाव आधीच ठरवून ठेवावे.