इंडेक्स फंड (नवख्यांची गुंतवणूक, ठाणे-नवी मुंबई)

इंडेक्स फंड म्हणजे निफ्टी ५० किंवा सेन्सेक्स अशा शेअर बाजाराच्या निर्देशांकामध्ये (इंडेक्समध्ये) जे शेअर ज्या प्रमाणात आहेत तेच त्या प्रमाणात घेऊन बसणारा म्युच्युअल फंड, फंड मॅनेजरने स्वतःचं डोकं लावायचं नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०१७ च्या वर्गवारीप्रमाणे किमान ९५ टक्के पैसा त्या निर्देशांकातल्या शेअरमध्येच लागतो.

पहिला इंडेक्स फंड कोणाचा यावर एकमत नाही. कल्पना १९६० पासून छापील लेखांत दिसते. १९७१ मध्ये वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेने सॅमसोनाइट कंपनीच्या पेन्शनचे ६० लाख डॉलर अशा पद्धतीने गुंतवले, काही जण तोच आरंभ धरतात, पण त्यात न्यूयॉर्क बाजारातल्या सगळ्या शेअरना सारखंच वजन दिलेलं, त्यामुळे सतत खरेदी-विक्री करावी लागायची. साधारण १९७३-७४ च्या सुमाराला शिकागो-बोस्टनकडच्या संस्थांनी एस अँड पी ५०० (अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) धरून असा फंड चालवून पाहिला, तोही मोठ्या संस्थांसाठीच. सामान्य माणसाला घेता येईल असा फंड जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्ड या अमेरिकन फंड कंपनीने १९७६ मध्ये काढला, टार्गेट १५ कोटी डॉलरचं आणि जमले जेमतेम १ कोटी १३ लाख. आपला विषय नवख्याचा, म्हणून १९७६ धरणंच जास्त पटतं. (गंमत म्हणजे याच बोगल यांनी १९६० मध्ये टोपणनावाने इंडेक्सच्या कल्पनेविरुद्ध लिहिलेलं.) भारतातही तोच घोळ, बरेच जण डिसेंबर २००१ च्या निफ्टी बीजला पहिला म्हणतात, पण तो पहिला ईटीएफ (बाजारात शेअरसारखा घेता-विकता येणारा फंड); सेन्सेक्सवरचा यूटीआयचा मास्टर इंडेक्स फंड १९९८ चा.

ठाणे-नवी मुंबईत पगारदार घरांचा पैसा आधी एफडी, पोस्टाची आरडी आणि एलआयसीत जायचा, आता त्याच्या जोडीला इंडेक्स फंडही आलाय.

सुरुवातीला पॅन, आधार, बँक खातं आणि केवायसी लागतं. डीमॅट (शेअर ठेवायचं खातं) फक्त ईटीएफला. १००० रुपयांची एसआयपी (दर महिन्याला ठरावीक रक्कम गुंतवणं) लावली की स्टेटमेंटवर ९९९.९५ दिसतात आणि नवखा माणूस गोंधळतो, ते ५ पैसे म्हणजे ०.००५ टक्के स्टॅम्प ड्युटी, जुलै २०२० पासून लागू. बँकेच्या शाखेतून घेतला तर बहुतेक वेळा रेग्युलर प्लॅन हातात पडतो, त्यात कमिशन असतं. डायरेक्ट प्लॅन जानेवारी २०१३ पासून मिळतो, शेअर तेच, खर्च कमी, त्यामुळे स्वतः अर्ज भरता येत असेल तर रेग्युलर घ्यायचं कारण दिसत नाही.

एकाच निर्देशांकावरचे दोन फंड निवडताना गेल्या वर्षीचा परतावा बघण्यात अर्थ नाही, बघायचा तो ट्रॅकिंग डिफरन्स, म्हणजे निर्देशांकाच्या मानाने फंड किती मागे पडला. खर्च, हातात ठेवलेली रोकड आणि निर्देशांकातले शेअर बदलल्यावर फंडात तसा बदल करायला झालेला उशीर यातून तो तयार होतो (निफ्टीचा आढावा वर्षातून दोनदा होतो). तुलना टोटल रिटर्न इंडेक्सशी करावी, त्यात लाभांश धरलेला असतो, नुसत्या निफ्टीच्या आकड्याशी केली तर फंड उगाचच हुशार वाटतो. सेबीने फेब्रुवारी २०१८ पासून फंडांना हाच मापदंड लावलाय. ट्रॅकिंग एरर वेगळी, ती या फरकातली चढ-उतार मोजते.

बारा महिन्यांहून जास्त ठेवून विकलं तर वर्षाला १.२५ लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढच्या नफ्यावर १२.५ टक्के, आधी विकलं तर नफ्यावर २० टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे.