टिपलेलं सापडावं म्हणून

लेखकाच्या टिपणवहीचा इतिहास हा मुख्यतः शोधाशोधीचा इतिहास आहे. उतारा उतरवून घेणं कधीच अवघड नव्हतं, चार वर्षांनी तो नेमका हाती लागणं अवघड.

रोमचा लेखक थोरला प्लिनी (मृत्यू इ.स. ७९) जेवताना, प्रवासातही पुस्तक वाचून घ्यायचा आणि लेखनिक टिपत जायचा. थंडीने त्याचे हात आखडून काम अडू नये म्हणून लांब बाह्यांची सोय केलेली होती. अशी १६० बाडं मागे राहिली, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात भरलेली. जागा वाचवायला हे ठीक, पण पाठपोट लिहिलेलं कापून वेगळं लावता येत नाही. म्हणूनच स्विस विद्वान कोन्राड गेस्नरने १५४८मध्ये सांगितलं: एकाच बाजूला लिहा, प्रत्येक नोंद कात्रीने सुटी करा, पट्ट्या विषयवार लावा, क्रम पक्का झाल्यावरच चिकटवा.

बांधीव वहीची अडचण वेगळी. ‘मैत्री’साठी दहा पानं राखावीत तर आठ कोरी राहतात आणि ‘मृत्यू’ची पानं महिन्यात संपतात. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६८६ साली छापलेल्या पद्धतीत पानं आधी वाटायचीच नाहीत. वहीच्या सुरुवातीच्या दोन पानांवर २० अक्षरं आणि प्रत्येकाखाली ५ स्वर, अशी १०० घरं आखायची. शीर्षकाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर यांवरून घर ठरतं. नोंद पुढच्या मोकळ्या जोडपानावर करायची आणि पानाचा आकडा त्या घरात लिहायचा. जोडपान भरलं की पुढचं मोकळं घ्यायचं. मराठीत मात्र ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही. ‘सत्य’, ‘समाज’, ‘सवय’ सगळे ‘स–अ’च्याच घरात गर्दी करतात. पहिल्या दोन अक्षरांवर घरं पाडली तर निभतं.

विसाव्या शतकात समाजशास्त्रज्ञ निकलास लूमान याने सुमारे ९०,००० चिठ्ठ्या जमवल्या. त्याने विषयवारी सोडून दिली आणि चिठ्ठीला कायमचा क्रमांक दिला. १ आणि २ यांच्या मध्ये काही सुचलं तर १अ, त्याला फाटा फुटला तर १अ१. जागा कधी संपतच नाही.

पद्धत कुठलीही असो, घोटाळा बहुधा एकाच जागी होतो: अवतरणचिन्हं गळतात. काही वर्षांनी दुसऱ्याचं वाक्य स्वतःचं वाटू लागतं आणि नकळत वाङ्मयचौर्य घडतं. म्हणून शब्दशः उतारा अवतरणात, शेजारी आवृत्ती नि पृष्ठांक, आणि स्वतःचा शेरा वेगळ्या शाईत. पुस्तक परत करण्याआधीच पृष्ठांक लिहायचा, नंतर तो राहतोच.

संगणकाच्या शोधपट्टीने अनुक्रमणिकेची गरज संपली असं वाटतं, पण ती फक्त लिहिलेला शब्द शोधते. दुष्काळावरच्या उताऱ्यात ‘भूक’ हा शब्दच नसेल, तर ‘भूक’ शोधून तो सापडणार नाही. तो शब्द टिपणाच्या डोक्यावर आपणच लिहून ठेवावा लागतो.